नाडी चव्वेचाळीस

तुम्ही विचारलं नाहीत. बाकीचं सगळं नंतर, आधी हे. शहाण्णव सालच्या ऑगस्टची आठ तारीख, गुरुवार, सकाळचे साडेअकरा. माझ्या बहिणीचं मनगट तुमच्या तीन बोटांत होतं, मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, आणि तुम्ही विचारलं नाहीत. आज सात महिन्यांनी आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, सुरक्षा सप्ताहाच्या फलकाखाली, मॅनेजरने घातलेला झेंडूचा हार गळ्यातून काढून टेबलावर ठेवता आणि दोनशे माणसांना सांगता, की मनाच्या आजाराची काही औषधं आणि हृदयाची काही औषधं एकत्र पोटात गेली तर घात होतो. ‘एक औषध दुसऱ्याला शरीरातून बाहेर पडू देत नाही. तुम्ही गोळी खाता एक, रक्तात फिरतं चार गोळ्यांचं औषध. नाडी बसत जाते, माणसाला कळतसुद्धा नाही. तेव्हा मित्रहो, डॉक्टरपासून काही लपवू नका.’ असं म्हणालात. लपवू नका. हसून म्हणालात. दवाखान्यात तुम्ही हसत नाही, माइक हातात आला की हसता.

माझ्या हातात चहाचा कप होता, तो मांडीवर कधी कलंडला ते मला कळलं नाही. शेजारी मोझेस बसला होता, आमचा ज्यू फिटर. त्याचे तिन्ही भाऊ इस्रायलला गेले, हा एकटा रोह्यात राहिला. सगळ्यांची टिंगल करतो म्हणून टिकून आहे. आधी तो म्हणत होता, “बघ, तेलात तळलेला वडा हातात देतात आणि वर सांगतात तेल खाऊ नका.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “अरे जना, पँट भिजली तुझी. भाजलं नाय?” मी म्हटलं, नाय. खरंच भाजलं नव्हतं. माझं सगळं अंग त्या वेळी छातीवरच्या खिशापाशी गोळा झालं होतं. खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली एक चिठ्ठी असते. शर्ट बदलतो, चिठ्ठी बदलत नाही. रंभा, माझी बायको, शर्ट धुवायला घेताना आधी खिसा चाचपते, चिठ्ठी काढून घड्याळाखाली ठेवते, आणि त्याबद्दल काही बोलत नाही. सात महिने.

आणि आता तुम्ही विचारता, ‘काही प्रश्न?’

मी आखणीबद्दल, म्हणजे मूर्तीचे डोळे लिहिण्याबद्दल सांगितलं तर तुम्हाला कळेल का? तुमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. पंचाण्णव साली हैबतरावांनी तुम्हाला मूर्ती भेट पाठवली होती, आठवते? सव्वा फुटी, पितांबर पिवळं, उजवा पाय खाली सोडलेला. हैबतराव म्हणजे हमरापूरचे मूर्तींचे कारखानदार, आणि त्यांचा पुतण्या जितेश तुमचा कंपाउंडर. त्या मूर्तीचे डोळे माझ्या बहिणीने लिहिले होते. पुतळी तिचं नाव, मी बाय म्हणायचो. मूर्ती साच्यातून काढणारा वेगळा, घासणारा वेगळा, अंगाचा रंग मारणाऱ्या पाच-सहा बाया, पण डोळे एका कारखान्यात एकच माणूस लिहितो. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची, श्वास धरायचा, वरच्या पापणीची काळी रेघ एका ओढीत न्यायची. मग बुबुळ. मग त्यात पांढरा ठिपका, मोहरीच्या निम्मा. केसभर इकडचा तिकडे झाला तर गणपती चकणा दिसतो आणि चकणा गणपती कोणी घरी नेत नाही. मी लहान असताना पेंढ्यावर बसून बघायचो. ठिपका पडला की मूर्ती माझ्याकडे बघायला लागायची आणि मी जागा बदलायचो, तरी बघायची. आई मी चार वर्षांचा असताना गेली. मला वाढवलं त्या हातांनी. दीड दिवस तुम्ही त्या डोळ्यांसमोर आरती केलीत, आणि त्या हाताची नाडी बघताना तुम्हाला घाई होती.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, सकाळी उठून लसूण खाल्ला तर बीपी उतरतं का. तुम्ही उत्तर देताय. सविस्तर देताय. लसणाला तुम्ही दोन मिनिटं दिलीत, बायला चार दिली होतीत.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीआधी बाबाजी भावोजी गेले. त्यानंतर तिच्या छातीत धडधड सुरू झाली आणि उजवा हात कापायला लागला. मूल नाही, नवरा नाही, हातात फक्त डोळे होते आणि ते जायला आले. मी तिला रोह्याला आणलं, तुमच्याकडे. तुम्ही छोटी पांढरी गोळी लिहिलीत, सकाळ-संध्याकाळ. धडधड थांबली, आणि हातही थांबला. ते तुम्ही ठरवून केलं नव्हतं, पण झालं. हैबतराव कारखान्यात सगळ्यांना दाखवत सुटले, “बघा, रेघ बघा, दोऱ्यानं मारल्यासारखी!” जितेशने दवाखान्यातून आधीच सांगितलं होतं की बाईला हृदयाची गोळी चालू आहे. तुमच्या दवाखान्यातली गोष्ट हमरापूरला अशीच पोचायची, पाचच्या गाडीने, जितेशबरोबर. त्या वेळी वाईट नाही वाटलं. छातीचा आजार सांगण्यासारखा असतो. लोक येऊन बसतात, मोसंबी आणतात.

पण एक होतं. विधवा बाई देवाचे डोळे लिहिते हे हैबतराव गिऱ्हाइकाला कधी सांगत नसत. मुंबई-पुण्याचे व्यापारी आले की ते म्हणायचे, “पुतळीबाय, जरा आत बसा,” आणि बाय पेंढ्याच्या गंजीमागे जाऊन बसायची, ब्रश हातात तसाच. व्यापारी मूर्तीच्या डोळ्यात बघून म्हणायचे, काय नजर आहे हो, कोण कलाकार? आणि हैबतराव म्हणायचे, आमच्याकडे जुना माणूस आहे. बाय आतून ऐकायची. मला सांगताना हसायची, “जुना माणूस व्हय मी. मिशी तेवढी लावायची राहिली.” तिचं सगळं अशा एका काडीवर उभं होतं. आणखी एक काडी वर पडली तर काय होईल, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, किंवा माहीत आहे असं वाटत होतं. या वाटण्यावर मी पुढे येतो. तुमच्याइतकाच तिथे मी पण आहे.

शहाण्णवच्या मे महिन्यात ती गप्प झाली. कारण काही नव्हतं. लोकांना हेच पटत नाही. काहीतरी झालं असेल, कोणी बोललं असेल. कोणी काही बोललं नव्हतं. ती माझ्याकडे आठ दिवस म्हणून राहायला आली ती राहिलीच, भिंतीकडे तोंड करून. रंभा ताट घेऊन जायची, “बाय, दोन घास घ्या. तुमच्या आवडीची वालाची उसळ हाय.” “भूक नाय गो.” “मग बोला तरी काय तरी.” “काय बोलू? आत काय नाय. रिकामा डबा हाय.” एकदा तिने मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, “जना, ते रंग मळलेत का रे? पिवळा पण मळलेला दिसतो.” मी कारखान्यातून आणलेली पिवळ्याची डबी तिच्यासमोर उघडून धरली. लख्ख पिवळा. ती बघत राहिली आणि तिच्या डोळ्यातून पाणी आलं, आवाज न होता, भांडं पाझरतं तसं. त्या वर्षी अधिक आषाढ आला होता, गणपती सप्टेंबरात गेले होते, ऑर्डरी दुप्पट. हैबतराव निरोपावर निरोप पाठवत होते.

पेणला मंगळवारी मनाचे एक डॉक्टर यायचे. तरुण होते, दाढी राखलेली. नऊ जुलैला तिला घेऊन गेलो. ते तिच्याशी पाऊण तास बोलले, मला बाहेर बसवून. मग मला आत घेतलं आणि हिरव्या-पांढऱ्या कॅप्सूल लिहून दिल्या, रोज सकाळी एक. आणि त्यांनी विचारलं. हे नीट ऐका. त्यांनी विचारलं, “दुसरं काही औषध चालू आहे?” मी म्हटलं, बीपीची एक गोळी आहे. “नाव काय?” “नाव नाय माहीत साहेब. पांढरी हाय, बारकी.” त्यांनी पेन टेबलावर टेकवलं. म्हणाले, “सहा आठवड्यांनी या. येताना ती चिठ्ठी आणा. विसरू नका.” सहा आठवडे म्हणजे वीस ऑगस्ट. त्यांचीही चूक आहे. त्यांनी मला त्याच दिवशी परत पाठवायला हवं होतं, आधी नाव घेऊन या मग औषध देतो म्हणायला हवं होतं. पण निदान त्यांच्या तोंडातून तो प्रश्न बाहेर पडला. ते आता तिथे येत नाहीत, परदेशी गेले म्हणतात. नाहीतर त्यांनाही विचारलं असतं.

पेण स्टेशनवर बाकावर बसलो होतो. समोर मिठागराच्या बाजूचं पाणी भरून आलं होतं. बाय म्हणाली, “जना, हैबतरावांना कळलं तर रं? डोकं फिरलेल्या बाईच्या हातून कोण डोळे लिहून घेईल?” मी म्हटलं, कोण सांगतंय त्यांना. ती म्हणाली, “जितेश हाय ना तुझ्या त्या डॉक्टरकडे. कागद बघतो तो सगळ्यांचे.” तेव्हा मी म्हणालो, माझ्या तोंडाने म्हणालो, “मग रोह्याला ही चिठ्ठी दाखवायचीच नाय. इकडचं इकडे, तिकडचं तिकडे.” तिने मान हलवली. ती माझं ऐकायची. मला वाढवलं तिने, पण सातवी पास मी होतो, कंपनीत मी होतो, कागद मला कळतात असं तिला वाटायचं.

आणि कागद मला कळतात. हेच तर. वीस वर्षं रिॲक्टरवर ऑपरेटर आहे मी. पाळी बदलताना आधीच्या माणसाने वहीत काय लिहिलंय ते वाचून, खाली सही केल्याशिवाय मी एका झडपेला हात लावत नाही. आत आधी काय घातलंय, किती घातलंय, किती वाजता, तापमान काय. हे न वाचता वरून दुसरा ड्रम सोडला तर काय होतं ते मी एकदा पाहिलंय, आणि माझ्याबरोबरच्या माणसाच्या मानेवर अजून त्याची खूण आहे. समोरची माणसं जे सुरक्षेचे फलक घेऊन बसलीयेत, त्यातलं एक वाक्य तेच आहे: आत काय आहे ते आधी वाचा. लोखंडाच्या भांड्यासाठी मला वही लागते. बहिणीच्या पोटात दोन बाजूंनी दोन ड्रम सोडत होतो आणि वही दोन तुकडे करून दोन खिशांत ठेवली होती. हे मी कोणाला सांगितलं नाही. रंभाला पण नाही. तिने ते घड्याळाखाली वाचलं असेल.

कोणीतरी विचारतंय, डॉक्टर, रात्री एक क्वार्टर हृदयाला चांगली असं म्हणतात ते खरं का? हशा. मोझेस मोठ्याने म्हणाला, “ह्याला तेवढंच ऐकायचंय, साहेब, सांगून टाका व्हय म्हणून.” तुम्हीही हसताय. जितेश तुमच्यामागे बीपीचं यंत्र पिशवीत भरतोय. त्याने मला पाहिलंय. तो दोनदा इकडे बघून मान खाली घालून गेला.

कॅप्सूल लागू पडली, डॉक्टर. हे सगळ्यांत वाईट. वीस-बावीस दिवसांनी ती हसली. हमरापूरला परत गेली, कारखान्यात बसली, आणि मला म्हणाली, “रंग धुतल्यासारखे दिसतात रे.” आणि हात. हात असा थांबला की कोणी तसा पाहिला नव्हता. सरू तिच्या शेजारी बसून दागिन्यांचा सोनेरी भरायची, ती सांगत होती, “बायनी करंगळी टेकवायचं पण सोडलं. नुसता हवेत हात, आणि रेघ सरळ.” दिवसाला साठ जोड डोळे. हैबतराव खुशीत. मी खुशीत. ती पण खुशीत होती, फक्त दमायची. पाय जड झालेत म्हणायची, उठलं की डोळ्यापुढे काळं येतं म्हणायची, ऑगस्टच्या उकाड्यात अंगावर शाल घ्यायची. आम्हाला वाटलं कामाने. जो हात कापत नाही तो बरा, असं आमच्या धंद्यात लहानपणापासून शिकवतात. तो हात का कापत नाही हे कोण विचारणार? मी त्या हाताकडे बघून समाधान मानत होतो आणि मनगटात आत एकेक ठोका गळत होता.

त्या आठ तारखेच्या गुरुवारी दवाखान्यात आलो. तुम्ही नाडी धरलीत, घड्याळ बघितलंत. “चव्वेचाळीस,” म्हणालात. “वा! खेळाडूची नाडी आहे हो तुमच्या बहिणीची. गोळी छान लागू पडलीय.” बाय म्हणाली, “चक्कर येते साहेब. पाय उचलत नाय.” तुम्ही तोपर्यंत लिहायला लागला होतात. “बैठं काम, दमट हवा. पाणी प्या भरपूर. तीच गोळी चालू ठेवा. वेळेवर घेताय ना?” एवढाच प्रश्न होता तुमचा. वेळेवर घेताय ना. ती म्हणाली, “व्हय साहेब, एक पण नाय चुकवली.” आणि खरंच चुकवली नव्हती. माझा उजवा हात वर आला. खिशापर्यंत आला. आत पेणची चिठ्ठी होती. दोन बोटांना कागदाची कडा लागली. मला वाटलं होतं की काढावी. खरं सांगतो, वाटलं होतं, तिचं तोंड पांढरं दिसत होतं. तेवढ्यात जितेश पुढच्या पेशंटचा कागद घेऊन आत आला आणि टेबलाला टेकून उभा राहिला. माझ्या हाताने छाती खाजवली आणि खाली आला. एवढंच झालं. चव्वेचाळीस नाडीच्या बाईला चक्कर का येते, असं तुम्ही एकदा म्हणाला असतात, दुसरं काही घेते का, असं म्हणाला असतात, तर जितेश असो की खुद्द हैबतराव, मी ती चिठ्ठी टेबलावर आपटली असती. असं मला वाटतं. असं मी रोज म्हणतो. पण तुम्ही विचारलं नाहीत म्हणून ते खरं की खोटं हे मला कधीच कळणार नाही, आणि हे पण तुम्ही माझ्याकडून घेतलंत.

तिला गाडीने पोचवायला निघालो. निडी स्टेशनवर गाडी उगाच थांबली बराच वेळ. मी तिचं मनगट धरलं आणि तुमच्यासारखं मोजलं. बेचाळीस. आणि मी म्हणालो, “बाय, अजून दोननं उतरली. बरी होतेस तू.” ती हसली. तिने खिडकीला डोकं टेकलं आणि म्हणाली, “शांत वाटतं रे जना. आत कोण बोलत नाय.” कासू गेलं तेव्हा ती झोपली होती. तिची नथ काढलेली नाकपुडी, त्यात घातलेली कडुनिंबाची काडी; लहानपणी मला ताप आला की मी तिच्या नाकाकडे बघत झोपायचो. मी पेणपर्यंत तिचं मनगट सोडलं नाही. मोजत होतो. एक. मग बाहेर एक खांब जायचा, आणखी अर्धा खांब, आणि मग दोन. मला तो आवाज आवडला होता. देवळातल्या घंटेसारखा, सावकाश. वीस वर्षं मीटरच्या काट्याकडे बघणारा माणूस, आणि लाल रेघेच्या खाली गेलेला काटा बघून खूश.

अठरा तारखेला, रविवारी, दुपारी जेवणं झाल्यावर तिने अकरा मूर्तींची रांग पुरी केली. ब्रश धुतला, पुसला, डबीत उभा ठेवला. “थंडी वाजते गो सरू,” म्हणाली आणि पेंढ्याच्या गंजीमागे, जिथे तिला व्यापारी आले की बसवायचे, तिथे जाऊन आडवी झाली. सरूने तिच्यावर पोतं टाकलं. हैबतराव आले, त्यांनी विचारलं, “पुतळीबाय कुठे?” सरू म्हणाली, “झोपल्यात. दमल्यात.” आणि हैबतरावांनी स्वतः उठून रेडिओ बंद केला. सगळ्यांना म्हणाले, “आवाज करू नका रे. पंधरा दिवस बाईनी पाठ टेकलेली नाय.” दोन तास. दोन तास पंधरा माणसं कुजबुजत काम करत होती, मूर्ती सरकवताना पाट उचलून ठेवत होती, बाहेर टेम्पो आला तर एक जण धावत गेला हॉर्न वाजवू नको सांगायला. तिला उठवू नये म्हणून. चहा आला तेव्हा सरू तिला उठवायला गेली. मला कंपनीत फोन आला तेव्हा मी पाळीची वही वाचत होतो.

मरणाच्या दाखल्यावर लिहिलं, हृदय बंद पडून. बरोबर आहे, सगळ्यांचंच तसं पडतं. मग जितेशने बोलायला सुरुवात केली: जास्त खाल्ल्या असतील गोळ्या, डोक्याचं औषध चालू होतं म्हणे, गोळ्यांची पाकिटं सापडली उशाला. मी तिच्या घरी जाऊन ती पाकिटं काढली. दोन्हींच्या गोळ्या जमिनीवर पसरून मोजल्या, तारखांशी जुळवल्या. एक जास्त नाही, एक कमी नाही. तुम्ही दोघा डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच तिने खाल्लं. आज्ञाधारक होती. आणि तेराव्याला हैबतराव माझ्यासमोर येऊन बसले. मी वाट बघत होतो की आता डोक्याच्या औषधाचं काढणार. ते म्हणाले, “जनू, मला सांगायचं तरी. आमची घरची, गिरजा, पाच वर्षं त्याच गोळ्या खाते. मी तिला काय चुलीपासून उठवली काय?” मी म्हणालो, “मग तुमी तरी का नाय सांगितलं कधी?” ते म्हणाले, “सांगण्यासारखं हाय काय ते?” आम्ही दोघं तिथे बसून होतो, दोन घोड्याएवढी माणसं, तोंडं शिवलेली, आणि मध्ये तिच्या फोटोला सरूने आणलेला शेवंतीचा हार. मी ज्या भीतीपायी चिठ्ठी लपवली ती भीती तिथे नव्हतीच. किंवा होती आणि त्या म्हाताऱ्याला स्वतःची लाज वाटून तो तसं बोलला. कोण जाणे.

त्यानंतर मी शिकलो. सातवी पास माणूस. बाजारपेठेतल्या केमिस्टकडे औषधांचं जाड इंग्रजी पुस्तक असतं. त्याच्या पायऱ्यांवर बसून, शाळेच्या डिक्शनरीत एकेक शब्द शोधून, चार रविवार वाचलं. मेटोप्रोलॉल. फ्लुऑक्सेटीन. पहिल्यांदा मला ही नावं नीट वाचता आली आणि वाटलं, ही नावं मला नऊ जुलैला यायला हवी होती. पान उलटून, खाली, बारीक अक्षरात दीड ओळ. दुसरीबरोबर पहिली दिली तर पहिलीचा असर वाढतो, नाडी फार मंद होऊ शकते. दीड ओळ. पुस्तक पंचाण्णव सालचं. म्हणजे बाय जिवंत असताना ती ओळ छापलेली होती, रोह्याच्या बाजारात होती, तुमच्या दवाखान्यापासून शंभर पावलांवर, मुगाच्या पापडाच्या दुकानाशेजारी. पण छापलेली होती म्हणजे तुम्ही वाचली होतीत असं होत नाही. मी त्याच पायरीवर बसून हे पण लिहून ठेवलं.

आजपर्यंत मी असं धरून चाललो होतो की तुम्हाला माहीत नव्हतं. त्यात एक आधार होता. तुम्हाला माहीतच नव्हतं, म्हणजे मी चिठ्ठी काढून दाखवली असती तरी तुम्ही ती बघून म्हणाला असतात, बरं, चालू द्या दोन्ही. म्हणजे माझ्या खिशातल्या हाताने काही बदललं नसतं. मी त्यावर झोपतो. सात महिने त्यावर झोपलो. आणि आज तुम्ही झेंडूचा हार बाजूला ठेवून सांगितलंत की हे तुम्हाला माहीत आहे. तोंडपाठ, दीड ओळ, मराठीत, हसत. चार गोळ्यांचं औषध फिरतं, असं हिशोबासकट. मग मला सांगा. आठ ऑगस्टच्या आधी माहीत होतं? तर मग त्या चिठ्ठीवरचं एक नाव वाचून तुम्ही हातातलं पेन खाली ठेवलं असतं, आणि बाय आज पेंढ्यावर बसून डोळे लिहीत असती, आणि तिला मी मारलं. छाती खाजवून मारलं. किंवा नंतर कळलं? तिच्या मरणानंतर, जितेशने येऊन सांगितलं की बाईला हेही चालू होतं, आणि मग तुम्ही पुस्तक उघडलंत, आणि आता माझ्या बहिणीच्या अंगावर शिकलेलं तुम्ही वड्यांबरोबर वाटत फिरताय, तिचं नाव न घेता? दोन्हीतलं कुठलं ते मला पाहिजे. मला अर्धं अर्धं नको. तुम्ही मोठे, मी लहान, आपण दोघांनीही चूक केली, देवाची इच्छा, असलं मला काही नको. एक तारीख पाहिजे. ती माझ्या गळ्याला लागणारी असली तरी चालेल. नाही, चालणार नाही, मला माहीत आहे, पण पाहिजे.

मॅनेजर उठलेत आभार मानायला. माझा हात वर आहे. कधी वर गेला मला माहीत नाही. मी बघतो तर तो वर आहे आणि कापत नाहीये. मोझेस बाही ओढतोय, “बस रे जना, पाळी सुटायची वेळ झाली,” आणि मग त्याने माझं तोंड बघितलं आणि बाही सोडली. तुम्ही माइक परत उचललात, “हां, बोला, शेवटचा प्रश्न.” तुम्ही मला ओळखलं नाहीत. जितेशच्या हातातून यंत्राची नळी खाली पडली. मी उभा आहे. खिशातली पिशवी काढली, पिशवीतली चिठ्ठी काढली, उघडली. घडीवर कागद फाटायला आलाय, पण नाव वाचता येतं. दोनशे माणसं मागे वळून बघतायत.

“डॉक्टर, ते मघाशी तुम्ही सांगितलंत, एक गोळी खाल्ली तर चार गोळ्यांचं औषध फिरतं, नाडी बसते. ते तुम्हाला कधी कळलं? शहाण्णवच्या आठ ऑगस्टच्या आधी, का नंतर? हसू नका. तारीख सांगा.”